ओपीडीतल्या सिस्टरचाही सत्कार व्हावा
वर कुणीतरी म्हणलंय की नर्स दिनाला सत्कार आयसीयूतल्या सिस्टरचाच करा, ओपीडीत नुसते केसपेपर तर गोळा करायचे असतात. पटलं नाही बघा. मागच्या उन्हाळ्यात आईला शुगरसाठी नेलतो, इथंच सोलापुरात, लाइन पार जिन्यापर्यंत. पुढं पूर्व भागातली विडी वळणारी एक आजी, मराठी तोडकंमोडकं, इन्शुलिन म्हणताच रडायलाच लागली. सिस्टर तिच्याशेजारी बाकड्यावर बसल्या, तेलुगूत बोलल्या, रिकामी सिरिंज आजीच्याच हातात देऊन दोनदा करून घेतलं, अन् घरात फ्रीज नाही म्हणल्यावर ओल्या मडक्यात बाटली कशी ठेवायची तेपण सांगितलं. मागं लोक ओरडत होते (मीपण त्यातलाच). नर्सेससाठी केंद्राचा फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ पासून आहेच की, पण १२ मेला, नर्स दिनाला, आपण पेशंटांच्या सह्यांचं पत्र अन् एक सोलापुरी चादर द्यायला काय हरकत आहे? वर्गणीत माझे पाचशे धरा.