फुटबॉलला जाऊ दे लांब, बाकीच्या पोरापोरींना कशाला ओढता? (पॅक-१२ फुटलं त्यावरून)

सिॲटलकर

बरेच दिवस डोक्यात होतं, आज लिहितोच. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. अमेरिकेत कॉलेजच्या टीम कॉन्फरन्समध्ये खेळतात, म्हणजे आपापल्या भागातल्या दहा-बारा विद्यापीठांचा गट, वर्षभर एकमेकांशी मॅचेस. पश्चिम किनाऱ्याचा गट म्हणजे पॅक-१२, त्याचं मूळ १९१५ पर्यंत जातं. ३० जून २०२२ ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांनी बिग टेनमध्ये (मूळचा मिडवेस्टचा गट) जातो म्हणून जाहीर केलं. पुढच्या वर्षी जुलैत कोलोरॅडो गेलं, आणि ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी ऑरेगन न् वॉशिंग्टन बिग टेनकडे, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग १२ या आणखी एका गटाकडे. त्यानंतर महिन्याभरात स्टॅनफर्ड आणि कॅल (म्हणजे बर्कली) एसीसीत, ज्या गटाच्या नावातच अटलांटिक किनारा आहे! मागे उरले दोघंच, ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

हे सगळं झालं अमेरिकन फुटबॉलच्या टीव्ही हक्कांसाठी. ठीक आहे, फुटबॉलची टीम सीझनमध्ये पाच-सहा वेळाच बाहेर जाते, तीही शनिवारसाठी, स्वतःचं चार्टर विमान करून. त्यांना जाऊ दे न्यू जर्सीला. पण व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर खेळणाऱ्या मुलामुलींचं काय? यूसीएलएपासून न्यू जर्सीच्या पिस्कॅटवेतलं रटगर्स विद्यापीठ अडीच हजार मैलांच्या आसपास. शुक्रवारी रात्री पिस्कॅटवेत मॅच, रविवारी दुपारी मेरीलँडमध्ये दुसरी, मग परतीचं विमान, घड्याळ तीन तास मागे, आणि सोमवारी सकाळी केमिस्ट्रीची लॅब. ह्या पोरांमधली बहुतेक पुढे प्रोफेशनल खेळणार नाहीयेत, डिग्री हेच त्यांचं भांडवल आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की फुटबॉलची कॉन्फरन्स वेगळी करा आणि बाकी सगळे खेळ जुन्या, जवळच्या गटात परत आणा.

एडिसनकाका

असहमत. भावना कळते तुमची, पण पॅक-१२ कोणी बाहेरून येऊन फोडलं नाही, ते आतून पोखरलेलं होतं. स्वतःचं चॅनल काढलं, त्याची पूर्ण मालकी स्वतःकडे ठेवली, आणि डायरेक्टटीव्ही या डिश कंपनीशी शेवटपर्यंत करार झाला नाही, म्हणजे लाखो घरांत त्यांच्या मॅचेस दिसतच नव्हत्या. मग २०२२ मध्ये ईएसपीएन या स्पोर्ट्स चॅनलने प्रत्येक विद्यापीठाला वर्षाला ३ कोटी डॉलरच्या आसपास देऊ केल्याच्या बातम्या होत्या, ते यांना कमी वाटलं. शेवटी हातात उरली ॲपलची ऑफर, ती पण सबस्क्रिप्शन किती विकली जातील त्यावर अवलंबून. इकडे बिग टेनने ऑगस्ट २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस, एनबीसीबरोबर सात वर्षांचा ७०० कोटी डॉलरच्या वरचा करार केला. ऑरेगनचा अध्यक्ष असतात तर तुम्ही काय केलं असतंत?

आणि दुसरं, व्हॉलीबॉल-स्विमिंगचा खर्च कोण करतं? फुटबॉलच करतं. स्टॅनफर्डसारख्या गडगंज विद्यापीठाने २०२० मध्ये ११ खेळ बंद करतो म्हणून सांगितलं होतं, पुढच्या वर्षी खूप आरडाओरडा झाल्यावर निर्णय मागे घेतला. पैसा आटला की आधी हेच खेळ जातात हो. प्रवासाने दमणारी टीम परवडली, पण टीमच नाही म्हटल्यावर काय करायचं?

पालूसवाली

सिॲटलकर दादा, +१, पण मी तुमच्याही पुढे जाईन, फुटबॉलही जायला नको होतं.

मी वॉशिंग्टन स्टेटची. पुलमन गाव ज्यांनी पाहिलंय त्यांना कळेल. चारी बाजूंनी गव्हाच्या टेकड्या, सिॲटलहून गाडीने पाच तास, गावाची वस्ती आणि स्टेडियमच्या खुर्च्या साधारण सारख्याच, ३३ हजारांच्या आसपास. मॅचच्या शनिवारी कोलफॅक्सपासूनच गाड्यांची रांग, गावातली हॉटेलं फुल्ल म्हणून लोक आजूबाजूच्या गावांत राहतात, विद्यापीठाच्या डेअरीत फर्डिनांड्सला आइस्क्रीमसाठी लाइन, आणि परत जाताना प्रत्येकाच्या हातात कूगर गोल्ड चीजचा तो टिनचा डबा. यूएससी, ऑरेगन, वॉशिंग्टन येणार म्हणून ही गर्दी. त्या गावात दुसरा उद्योग म्हणाल तर एक रिले बनवणारी कंपनी आणि शेती. टीव्हीवाल्यांच्या हिशोबात पुलमन म्हणजे छोटं मार्केट, झालं, विषय संपला त्यांच्यासाठी.

आणि आम्ही खेळात कमी होतो का? सप्टेंबर २०२४ मध्ये ॲपल कपला (वॉशिंग्टनशी आमची जुनी पारंपरिक मॅच) सिॲटलच्या मैदानात वॉशिंग्टनला २४-१९ हरवलं, शेवटच्या मिनिटाला गोललाइनवर अडवून. तरी त्याच सीझननंतर क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जॉन मटीर ओक्लाहोमाला गेला, कोच डिकर्ट वेक फॉरेस्टला. त्याआधी कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि २०२५ च्या प्रोफेशनल फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या नंबरवर निवडला गेला. मी त्या मुलांना दोष देत नाहीये, त्यांचं करिअर आहे. पण कॉन्फरन्स गेली की कोच जातो, कोच गेला की खेळाडू जातात, आणि मग हेच लोक म्हणणार बघा यांची टीम काही मोठ्या गटाच्या लायकीची नाही.

लाँगहॉर्न पुणेकर

ताई, वाईट वाटतंच, पण हे काही पहिल्यांदा होत नाहीये. टेक्ससची साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ ला बंद झाली, राइस, टीसीयू, एसएमयू, ह्यूस्टन ही विद्यापीठं मागे राहिली. आज टीसीयू आणि ह्यूस्टन बिग १२ मध्ये आहेत, एसएमयू एसीसीत जाऊन पहिल्याच वर्षी २०२४ च्या प्लेऑफला (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीला) पोचलं, आणि त्यासाठी त्यांनी नऊ वर्षं टीव्हीच्या पैशावर पाणी सोडलंय. म्हणजे मागे राहिलेला कायम मागे राहतो असं नाही, वेळ लागतो.

मुळात १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओक्लाहोमाच्या केसमध्ये एनसीएएची (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था) टीव्ही हक्कांवरची मक्तेदारी मोडली तेव्हाच हे ठरलं होतं. त्याआधी टीव्हीवर कोण दिसणार ते एनसीएए ठरवायची. एकदा हक्क विद्यापीठांकडे आले की ज्याची मॅच जास्त लोक बघतात तो जास्त मागणारच. आणि दुश्मनी संपली म्हणून जे रडतात त्यांना सांगतो, टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम ही दोन विद्यापीठं २०११ नंतर खेळलेच नव्हते कारण ए अँड एम एसईसी या दक्षिणेतल्या गटात गेलं. टेक्सस पण २०२४ ला एसईसीत आलं आणि त्याच नोव्हेंबरमध्ये कॉलेज स्टेशनला मॅच झाली, आम्ही टेक्ससवाले १७-७ जिंकलो. आमच्यासाठी ती मॅच रिअलाइनमेंटनेच (गटांच्या ह्या अदलाबदलीनेच) परत आणली.

सिॲटलकर

पुणेकर, तेरा वर्षं जी मुलं शिकून बाहेर पडली त्यांना ती मॅच मिळालीच नाही ना. आणि तुम्ही नि ओक्लाहोमा एसईसीत गेलात त्यामुळे ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेटची बेडलॅम बंद पडली, शंभराहून जास्त वेळा झालेली मॅच, शेवटची नोव्हेंबर २०२३ मध्ये. एक जोडायला दुसरं तोडलं.

काका, तुमच्या पैशाच्या मुद्द्यावर येतो. फुटबॉल बाकी खेळांना पोसतं हे मान्य, पण त्यासाठी सगळ्यांनी एकाच गटात असायला पाहिजे हे कुठे लिहिलंय? नोत्र दामची उदाहरणं घ्या, फुटबॉल स्वतंत्र, बाकीचे बहुतेक खेळ एसीसीत, आइस हॉकी बिग टेनमध्ये. युकॉनने (कनेक्टिकट विद्यापीठाने) २०२० मध्ये बास्केटबॉल वगैरे जुन्या बिग ईस्टमध्ये परत नेलं आणि फुटबॉल एकटं ठेवलं. त्यानंतर मुलांनी २०२३ आणि २०२४ ला, मुलींनी २०२५ ला राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. आणि सगळ्यात सोपं उदाहरण, वॉटर पोलो! यूएससी, यूसीएलए, स्टॅनफर्ड, कॅल हे चौघं वॉटर पोलो आजही पश्चिमेकडच्याच एका वेगळ्या गटात एकमेकांशी खेळतात, कारण बिग टेन आणि एसीसीत तो खेळ नाहीच. कोणाचं काही बिघडलं नाही. वॉटर पोलोला जमतं ते सॉफ्टबॉलला का जमू नये?

लिंकनताई

मी नेब्रास्कात राहते आणि मला ह्या चर्चेत एक गोष्ट खटकतेय. तुम्ही सगळे व्हॉलीबॉलबद्दल असं बोलताय जसं काही ते फुटबॉलच्या मागे ओढलं जाणारं सामान आहे. ३० ऑगस्ट २०२३ ला आमच्या मेमोरियल स्टेडियममध्ये, फुटबॉलच्या मैदानावर कोर्ट टाकून, नेब्रास्काच्या मुली ओमाहा विद्यापीठाविरुद्ध खेळल्या आणि ९२,००३ लोक आले होते. लहान लहान मुली लाल टी-शर्ट घालून बापाच्या खांद्यावर. सूर्य मावळताना सर्व्ह सुरू झाली, आवाज असा की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

नेब्रास्का पण २०११ मध्ये बिग १२ सोडून बिग टेनमध्ये गेलेलं आहे. ओक्लाहोमाबरोबरची जुनी फुटबॉल मॅच गेली, त्याचं दुःख इथल्या म्हाताऱ्या लोकांना अजून आहे. पण व्हॉलीबॉलला विस्कॉन्सिन, पेन स्टेट, मिनेसोटा मिळाले, दर आठवड्याला तगडी टीम समोर, बिग टेनचं स्वतःचं चॅनल, त्यावर मॅच. यूसीएलए-यूएससीच्या मुलींनाही आता तेच मिळतंय. ज्या मुलीला सर्वोत्तम टीमविरुद्ध खेळायचंय तिला तुम्ही परस्पर सांगणार का की बाई तू दमशील, तू घराजवळच खेळ?

सिॲटलकर

ताई, ९२ हजारांचा आकडा कोणीही खोडू शकत नाही, आणि मुलींना मोठा मंच नको असं मी म्हणतच नाहीये. पण नेब्रास्का देशाच्या मधोमध आहे, तिथून आयोवा, मिनेसोटा बसने जाता येतं. यूसीएलएला बिग टेनमध्ये बसने जाण्यासारखं यूएससी सोडून कोण आहे? आणि स्टॅनफर्डच्या व्हॉलीबॉलला नेब्रास्काशी खेळायचं असेल तर कॉन्फरन्सबाहेरच्या मॅचेस असतातच की, त्या कायम होत आल्यात. मोठी मॅच वर्षातून चार वेळा लांब जाऊन खेळा, पण दर दुसऱ्या आठवड्याला नको. पश्चिमेचा गट काही कच्चा नव्हता हो, पॅक-१२ ची एनसीएए विजेतेपदं पाचशेच्या वर आहेत आणि त्यातली बहुतेक ह्याच "बाकीच्या" खेळांतली.

फीभरणारा

एक विद्यार्थी म्हणून बोलतो. काका म्हणतात मोठ्या गटात गेलं की पैसा येतो आणि सगळे खेळ वाचतात. तुमच्या शेजारचंच बघा ना, रटगर्स २०१४ पासून बिग टेनमध्ये आहे, तरी त्यांचा ॲथलेटिक्स विभाग दरवर्षी तोट्यात असतो आणि तो खड्डा विद्यापीठाचे पैसे आणि विद्यार्थ्यांच्या फीमधून भरला जातो. आपले किती मराठी पोरं-पोरी तिथे मास्टर्स करतायत, कर्ज काढून. उत्पन्न वाढलं की कोचचे पगार आणि इमारती वाढतात, शिल्लक काही राहत नाही.

एडिसनकाका

रटगर्सचं मला वेगळं सांगायला नको, स्टेडियम माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. तो तोटा बिग टेनच्या आधीपासूनचा आहे, बिग टेनमुळे झालेला नाही. गटात नसते तर खड्डा आणखी खोल असता. आणि आता तर पैशाची गरज वाढलीय, जून २०२५ मध्ये हाउस केसचा (खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या खटल्याचा) समझोता मंजूर झाला, आता विद्यापीठ खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत. इतकी वर्षं मुलं फुकट खेळली आणि बाकी सगळे गब्बर झाले, तो अन्याय संपला ही चांगलीच गोष्ट आहे. पण तो पैसा आणायचा कुठून? सिॲटलकर म्हणतात तसं फुटबॉल वेगळं केलं ना, तर उद्या फुटबॉलचे लोक म्हणतील आमचा गट वेगळा, मग आमचा पैसा पण वेगळा. एकत्र आहे म्हणून सॉफ्टबॉलला वाटा मिळतोय.

सिॲटलकर

हा मुद्दा खरा विचार करण्यासारखा आहे, पण त्याची सोय करता येते. यूसीएलए आणि कॅल एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भाग, यूसीएलए निघून गेल्याने कॅलचं नुकसान झालं म्हणून रीजंट्सनी (विद्यापीठाच्या नियामक मंडळाने) यूसीएलएला तीन वर्षं दरवर्षी १ कोटी डॉलर कॅलला द्यायला लावले. दोन वेगवेगळ्या कॉन्फरन्समध्ये असून पैसा जातोय ना इकडून तिकडे? सरकारी विद्यापीठांना मालक आहे, तो मालक अट घालू शकतो की फुटबॉल कुठेही खेळो, त्याच्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा बाकी खेळांना. घालायची इच्छा पाहिजे.

पालूसवाली

आणि कोणी आम्हाला मेलेलं समजू नये. जे दहा गेले त्यांच्याशी कोर्टात लढून ऑरेगन स्टेट आणि आम्ही पॅक-१२ चा ताबा राखला. ऑरेगन स्टेटची बेसबॉल टीम २०२५ मध्ये कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नव्हती, शेड्यूल इकडून तिकडून जमवलं, तरी ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत गेली. १ जुलै २०२६ पासून बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट, आणि फुटबॉल नसलेलं गोंझागा, एवढे नव्या पॅक-१२ मध्ये. पुलमनहून गोंझागा दीड तास. स्टॅनफर्ड, कॅलच्या सॉफ्टबॉल-व्हॉलीबॉलला परत यायचं असेल तर पश्चिमेला गट आहे.

एडिसनकाका

यावेत की, माझी ना नाही. पण बिग टेनचा टीव्ही करार २०३० पर्यंत आहे, त्याआधी यूसीएलएचा एकही खेळ तिथून हलणार नाही असं माझं मत आहे. आणि २०३० ला वाटाघाटी होतील तेव्हा व्हॉलीबॉलचे हक्क आजच्यापेक्षा महाग असतील, तेव्हा लिंकनताईंच्या मुलींना वेगळं करायला फॉक्सवालेच तयार होणार नाहीत.

लिंकनताई

काका, तेच तर म्हणतेय मी. त्या वाटाघाटीच्या टेबलावर व्हॉलीबॉलचा कोच आणि दोन खेळाडू बसलेले पाहिजेत. प्रवास किती, कुठल्या दिवशी, चार्टर की साधं विमान, हे त्या मुलींनी ठरवू दे, मी-तुम्ही नाही.