मदत हवी आहे: डोरो नदीवरील क्रूझ द्राक्षबागायतदार आई-वडिलांसाठी योग्य ठरेल का?

नमस्कार मंडळी,

पोर्तुगालमधील डोरो नदीच्या खोऱ्यात आई-वडिलांना घेऊन जाण्याचा विचार आहे आणि त्याबाबत ज्यांनी तो प्रवास केला आहे किंवा जे त्या भागात राहतात, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे. आमची शेती निफाड तालुक्यात आहे. वडिलांचे सारे आयुष्य द्राक्षबागेत गेले असून आता वयाच्या सत्तरीतही रोज सकाळी बागेत फेरी मारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. परदेशात फिरायला चला म्हटले की ते नेहमी टाळत आले. मात्र डोंगराच्या उभ्या उतारावर दगडी ताली रचून लावलेल्या तिथल्या बागांची छायाचित्रे पाहिल्यावर, "हे एकदा डोळ्यांनी बघायला हवे," असे ते स्वतःहून म्हणाले. म्हणूनच ही सहल नीट आखली जावी, एवढीच माझी तळमळ आहे.

आतापर्यंत मी जे वाचले त्यावरून माझी समजूत अशी झाली आहे. ही नदी स्पेनच्या सोरिया प्रांतातील डोंगरात उगम पावते, काही अंतर स्पेन आणि पोर्तुगालची सीमा आखत वाहते आणि पोर्तो शहराजवळ अटलांटिक महासागराला मिळते. पोर्तुगालमधील सुमारे 210 किलोमीटरचा पट्टा, म्हणजे पोर्तोपासून सीमेवरील बार्का द'आल्व्हापर्यंतचा भाग, जहाजांसाठी खुला आहे. वाटेत पाच धरणे असून प्रत्येक धरणाला जहाज वर-खाली नेणारे जलपाश आहेत. बहुतेक क्रूझ आठवडाभराच्या असतात. त्या पोर्तोहून निघतात, रेग्वा आणि पिन्यांव ही गावे करत सीमेपर्यंत जातात, तेथून बसने स्पेनमधील सालामांका शहर दाखवतात आणि त्याच मार्गाने परत येतात.

या खोऱ्याचा इतिहास वाचताना वडील विशेष रमले. पोर्ट वाइन या इथल्या प्रसिद्ध गोड मद्याच्या नावाखाली भेसळ वाढली आणि भाव कोसळले, तेव्हा 1756 साली पोम्बालचा मार्किस या पोर्तुगालच्या प्रभावशाली मंत्र्याने एक कंपनी स्थापन करून या प्रदेशाची हद्द ठरवून दिली आणि पुढे त्या हद्दीवर ग्रॅनाइटचे दगड रोवले गेले. आपला माल कोणत्या मातीतला आहे याला कायद्याचे संरक्षण मिळणे म्हणजे काय, हे शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षांना भौगोलिक मानांकन अलीकडे मिळाले, त्यामुळे अडीचशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट त्यांना फारच जवळची वाटली.

आता माझ्या अडचणी सांगतो. पहिली आणि मुख्य अडचण अशी की क्रूझच्या जाहिरातींमध्ये बागांपेक्षा जेवणाच्या मेजवान्या आणि वाइन चाखण्याचे कार्यक्रमच अधिक दिसतात. आई मद्याला स्पर्श करत नाही आणि वडीलही जवळजवळ घेत नाहीत. त्यांना वेल कसे वळवले आहेत, दोन ओळींत अंतर किती ठेवले आहे, पाणी कसे देतात, तोडणी कशी होते आणि माल उतारावरून खाली कसा आणतात, हे पाहायचे आहे. आठवडाभर जहाजावर राहून प्रत्यक्ष बागेत पाय ठेवायला कितीसा वेळ मिळेल? त्याऐवजी पोर्तोहून रेल्वेने पिन्यांवला जाऊन तिथेच मुक्काम करावा आणि लहान होडीतून नदी पाहावी, हा पर्याय अधिक चांगला ठरेल का?

दुसरी अडचण वडिलांच्या गुडघ्यांची आहे. सपाटीवर ते हळूहळू बरेच चालतात, परंतु जिने आणि उतार त्यांना सोसत नाहीत. तिसरी अडचण आईच्या जेवणाची: ती अंडेसुद्धा खात नाही. आणि चौथी, कदाचित सर्वांत अवघड, वेळेची. तिथली तोडणी प्रामुख्याने सप्टेंबरमध्ये असते आणि आमच्याकडे गोडी बहाराच्या, म्हणजे फळ धरण्यासाठीच्या, छाटणीची तयारी नेमकी त्याच सुमारास सुरू होते. छाटणीच्या तोंडावर वडील बाग सोडून येणार नाहीत आणि त्यांनी यावे असा आग्रह मीही धरणार नाही. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गेल्यास तोडणी पाहायला मिळेल का?

व्हिसाबद्दलही कोणी स्पष्टपणे सांगू शकल्यास आभारी राहीन, कारण सालामांका स्पेनमध्ये असल्यामुळे दोन देशांचा प्रश्न येतो की काय, अशी शंका आहे.

प्रतिसाद

नमस्कार. मी गेली अनेक वर्षे पोर्तोमध्ये राहते आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना घेऊन डोरोच्या खोऱ्यात माझे वारंवार जाणे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुमच्या वडिलांना जे पाहायचे आहे त्यातला मोठा भाग जहाजाच्या डेकवरून फार उत्तम दिसतो, कारण इथला डोंगर म्हणजे द्राक्षशेतीच्या इतिहासाची उघडी वही आहे. फक्त ती वाचायची कशी, हे माहीत असावे लागते. ज्या ताली अगदी अरुंद आहेत, जिथे भिंतीमागे वेलींच्या एक-दोन ओळीच जेमतेम मावतात, त्या साधारणपणे फिलॉक्सेरापूर्वीच्या आहेत. मुळांवर जगणारी ही कीड 1860 च्या दशकात या खोऱ्यात शिरली आणि तिने बागाच्या बागा वाळवून टाकल्या. अनेक ताली तेव्हा सोडून दिल्या गेल्या. त्यांवर आज झुडपे किंवा ऑलिव्हची झाडे दिसतात आणि इथले लोक त्यांना 'मोर्तोरियो' म्हणतात. पुढे अमेरिकन खुंटांवर, म्हणजे ही कीड सोसणाऱ्या मुळांच्या वेलींवर, कलमे करून नव्याने लागवड झाली. तुमच्याकडे डॉगरिज जातीच्या खुंटावर कलम करतात, त्यामुळे ही गोष्ट वडिलांना एका वाक्यात कळेल, जरी आपल्याकडे त्या खुंटाचे मुख्य कारण क्षार आणि पाण्याचा ताण हे असले तरी. त्या काळानंतरच्या ताली रुंद आहेत. ज्या ठिकाणी दगडी भिंतच नाही आणि मातीचे उतरते बांध आहेत, त्या 1970 नंतर यंत्राने काढलेल्या पायऱ्या होत. आणि जिथे ओळी डोंगराला आडव्या न जाता खालून वर सरळ चढतात, ती आणखी अलीकडची पद्धत आहे. एकाच वळणावर हे सारे प्रकार शेजारी शेजारी दिसतात. युनेस्कोने 2001 साली या भागाला जागतिक वारसा म्हटले ते राजवाड्यांसाठी नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी दगड फोडून जी जमीन घडवली तिच्यासाठी. इथे माती जवळपास नाहीच; शिस्ट नावाचा पापुद्र्यांचा खडक फोडून त्यात वेल लावतात आणि मुळे त्याच्या भेगांतून खोलवर पाणी शोधत जातात.

पावसाचा फरकही वडिलांना दाखवा. समुद्रावरून येणारे ढग मराँव डोंगर अडवतो, त्यामुळे रेग्वाच्या खालच्या अंगाला पाऊस बरा असतो आणि सीमेकडे जावे तसतसा तो निम्म्याहून कमी होतो. इगतपुरीहून सिन्नरकडे जाताना जे दिसते, तेच इथे नदीच्या कडेने दिसते. पिन्यांवच्या वर बदाम आणि ऑलिव्ह वाढत जातात आणि गावे विरळ होतात.

म्हणूनच माझे मत असे आहे की क्रूझ घ्यायचीच असेल, तर व्हालेइरा धरणाच्या पलीकडे जाणारीच घ्यावी. व्हालेइराच्या घळईत पूर्वी भयंकर धबधब्यासारखा प्रवाह होता. पिंपांनी भरलेल्या राबेलो नावाच्या सपाट तळाच्या शिडाच्या होड्या तिथे फुटत असत. डोरोचे नकाशे काढणारे जोसेफ जेम्स फॉरेस्टर 1861 साली तिथेच बुडाले. त्याच होडीत असलेल्या दोना आंतोनिया फेरेइरा वाचल्या. त्यांच्या घेरदार झग्याने त्यांना तरंगत ठेवले, अशी आख्यायिका इथे सांगतात. फिलॉक्सेराच्या काळात शेतकऱ्यांच्या पाठीशी उभी राहिलेली बागायतदार स्त्री म्हणून त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. आता धरणांमुळे तिथले पाणी संथ आहे. आणखी खाली कारापातेलूचा जलपाश जहाजाला सुमारे 35 मीटर उचलतो. ओल्या काँक्रीटच्या दोन भिंतींमधून जहाज इंचाइंचाने वर येते आणि शेवटी एकदम सूर्यप्रकाश आणि डोंगर समोर उभे राहतात. तो अनुभव चुकवू नये.

मात्र बागेत प्रत्यक्ष फिरण्याबाबत तुमची शंका अगदी रास्त आहे. क्रूझच्या कार्यक्रमात एक-दोन मळ्यांना भेट असते, तीही बहुतेक तळघर आणि चाखणे यांभोवतीच फिरते. यावर उपाय असा की क्रूझ संपल्यावर पिन्यांवला एक-दोन रात्री मुक्काम करावा आणि एखाद्या लहान मळ्याला आधीच लिहून कळवावे की येणारे गृहस्थ स्वतः द्राक्षबागायतदार आहेत. शेतकरी येतो आहे म्हटल्यावर इथली माणसे निराळ्याच आपुलकीने वागतात. मालक स्वतः जीप काढून बागेत नेतो, हे मी पाहिले आहे. रेल्वेने जाताना डब्यात उजव्या बाजूला बसा. रूळ नदीच्या उत्तर काठाने जातात आणि अर्ध्या वाटेनंतर नदी थेट खिडकीखाली येते. पिन्यांव स्थानकाच्या भिंतींवर तोडणीची आणि राबेलो होड्यांची निळी टाइलचित्रे आहेत. पाटीत द्राक्षे भरून ओळीने उतरणारी माणसे त्यांत आहेत, वडील तिथे नक्की रेंगाळतील.

व्हिसाची काळजी नको. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे एकच व्हिसा पुरतो आणि मुख्य मुक्काम पोर्तुगालमध्ये असल्याने अर्ज पोर्तुगालसाठी करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज देता येतो; किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला प्रवास विमा लागतो. सालामांकाच्या दिवशी पासपोर्ट जवळ ठेवा आणि स्पेनचे घड्याळ एक तास पुढे असते हे लक्षात असू द्या.

प्रतिसाद

आम्ही उभयतांनी ही क्रूझ केली आहे आणि माझ्या पत्नीलाही गुडघ्यांचा त्रास आहे, म्हणून केवळ त्या बाजूने लिहितो. मला क्रूझच सोयीची वाटली, कारण सामान एकदा खोलीत लावले की पुन्हा उचलावे लागत नाही आणि ज्या दिवशी पाय दुखतात त्या दिवशी डेकवर बसूनही सहल चुकत नाही. डोरोवर प्रवासी जहाजे रात्री चालत नाहीत. त्यामुळे झोपेत काही पाहायचे राहून जात नाही आणि झोपही शांत लागते.

तरीही आरक्षणापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. जलपाशांच्या मापामुळे इथली जहाजे सुमारे 80 मीटरपर्यंतच लांब असतात आणि सगळ्यांत लिफ्ट असतेच असे नाही. असली तरी ती सर्वांत वरच्या डेकपर्यंत जाईलच असे नाही. गर्दीच्या हंगामात धक्क्यावर दोन जहाजे एकमेकांना लागून उभी करतात आणि मग शेजारच्या जहाजातून ये-जा करावी लागते. लामेगो येथील देवळाला 686 पायऱ्या आहेत. बस वरपर्यंत जाते, म्हणून वरूनच दर्शन घ्यावे आणि खाली उतरण्याच्या मोहात पडू नये.

जेवणाबाबत 'शाकाहारी' एवढेच सांगून भागत नाही. हिरव्या पालेभाजीच्या त्यांच्या प्रसिद्ध सूपमध्येही सॉसेजचा तुकडा असतो आणि पोर्तुगीज गोड पदार्थ बहुतांशी अंड्याच्या बलकाचे असतात. मांस, मासे, अंडी आणि मांसाचा रस्सा यांपैकी काहीही नको, असे पोर्तुगीज भाषेत लिहिलेला कागद आम्ही जवळ ठेवला होता. स्वयंपाक्याने तो भिंतीला चिकटवला आणि त्यानंतर काही अडचण आली नाही. पाव, चीज, ऑलिव्ह, टोमॅटो, फळे आणि बदाम उत्तम मिळतात. सकाळी दशमी आणि शेंगदाण्याची चटणी मात्र आम्ही घरचीच खाल्ली.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांना दोन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. खुंटाचा परिच्छेद त्यांनी पुन्हा वाचायला लावला आणि तिथे कोणता खुंट वापरतात, हे विचारायला सांगितले आहे.

आता बेत असा ठरतो आहे: सीमेपर्यंत जाणारी क्रूझ आणि त्यानंतर पिन्यांवला मुक्काम. मुंबईहून पोर्तोला थेट विमान नसल्यामुळे वाटेत विमान बदलताना वडिलांसाठी चाकाची खुर्ची आधीच मागवून ठेवणार आहे. तोडणीच्या दिवसांत लहान मळ्यांतील लोकांना आमच्यासाठी वेळ काढणे जड जाईल का, आणि ग्रॅनाइटच्या हौदात पायांनी द्राक्षे तुडवण्याचे काम बसून पाहता येईल अशी सोय कुठे असते का, एवढे कृपया कळवावे. आईचाही एक प्रश्न आहे: तोडणीला येणाऱ्या बायकांना भेटता येईल का? आमच्या बागेत डिपिंगला (घड औषधाच्या द्रावणात बुडवण्याला) आणि विरळणीला येणाऱ्या बायकांची दुपारची न्याहारी ती इतकी वर्षे पाहत आली आहे, आणि तिकडे ती व्यवस्था कोण पाहते हे तिला त्यांच्याकडूनच ऐकायचे आहे.

प्रतिसाद

पुन्हा पोर्तोहून लिहिते. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सीमेकडच्या उष्ण भागात तोडणी बहुधा सुरू झालेली असते. उंचावरच्या बागा मागाहून येतात. तेव्हा तुमची वेळ जुळते, मात्र दुपारी ऊन कडक असते, म्हणून बागेची भेट सकाळीच ठेवावी. द्राक्षे तुडवण्याचे काम संध्याकाळी असते. आधी माणसे हातात हात गुंफून ओळीने, एका तालात, बराच वेळ पावले टाकतात आणि त्यानंतरच गाणी-वाजवणी सुरू होते. हौद कमरेइतके उंच असतात, त्यामुळे शेजारी खुर्ची टाकून सारे दिसते. खुंटाचे मी आमच्या ओळखीच्या बागायतदाराला विचारून कळवते. आईंच्या प्रश्नासाठी तोडणीच्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या वेळी मळ्यावर पोहोचा. मी त्या आठवड्यात इथेच आहे, दुभाषी म्हणून सोबत येईन.