मुरुमाच्या जेलनं तोंड सोललं, टॉवेलही विटला. बंद करू का?

टॉवेलवाली | १२ फेब्रुवारी, रात्री १०.४०

नमस्कार. वय २३, सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे. दिवसभर टॉवेल उजेडाला धरायचा आणि सुटलेला धागा, तेलाचा डाग, विरळ पट्टी शोधायची. मालातले डाग काढता काढता स्वतःच्या गालाकडे बघायचंच राहिलं. कपाळ, गाल, हनुवटी, सगळीकडे पुटकुळ्या. डॉक्टर म्हणाले मुरूम. तेव्हापासून भाऊ विचारतो, मुरूम तर टाकून झाला, डांबर कधी पडणार? असो.

जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकल्यावर स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक जेल लिहून दिलं. ट्यूबवर ॲडापालीन ०.१ टक्के आणि बेन्झॉईल पेरॉक्साइड २.५ टक्के असं छापलंय, ट्यूब १५ ग्रॅमची. 'रात्री, थोडंसं' एवढंच ऐकल्याचं आठवतं, बाहेर ही गर्दी होती. पण ताईचा साखरपुडा मार्चच्या शेवटी आहे, म्हणून मी जरा जोर लावला. सकाळीही, रात्रीही. प्रत्येक पुटकुळीवर वेगळा ठिपका आणि वरून सगळ्या तोंडाला एक हात. नऊ दिवसांत ट्यूब चपटी.

आता नाकाच्या बाजूला आणि ओठांच्या कोपऱ्यांत तांबडं होऊन पापुद्रे निघायलेत. काल डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती. पहिल्याच घासाला कोपऱ्यात असं झोंबलं की शेजारची विचारायला लागली, रडतीस का गं? पुटकुळ्या कमी तर नाहीच, चार नवीन आल्यात.

आणि एक भानगड. घरात आमच्याच कारखान्याचा मरून टॉवेल आहे, त्यावर नारिंगी-पिवळे डाग पडलेत. मला वाटलं रंगच कच्चा. तो टॉवेल घेऊन मी डाईंगच्या मास्तरांकडे गेले आणि चार माणसांत भांडले. ते एवढंच म्हणाले, 'पोरी, अख्ख्या लॉटमध्ये तुझाच टॉवेल बरा विटला!'

शेजारच्या काकू म्हणतात जेल फेकून दे, माझी क्रीम लाव, आठवड्यात तोंड गुळगुळीत. मेडिकलमध्ये मागितली की देतात म्हणे. जेल चालू ठेवू, की काकूंचं ऐकू?

चिठ्ठी_दाखवा | १२ फेब्रुवारी, रात्री ११.२५

ताई, मेडिकलच्या काउंटरमागे २२ वर्षं झाली. आधी मास्तरांची सुटका करू. तुमच्याकडे सूत पांढरं करायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात ना? जेलमधलं पेरॉक्साइड त्याच्याच भाऊबंदांतलं. तोंड पुसलं की टॉवेलचा रंग उडतो. उशीचा अभ्रा आणि ड्रेसचा गळाही बघा, तिथंही सापडेल. पांढरा टॉवेल घ्या, विषय संपला.

आता तोंडाचं. तुम्ही जे सांगितलंत ते औषध न मानवल्यापेक्षा जास्त झाल्याचं दिसतंय. चार-पाच दिवस जेल बंद ठेवा, साधं सौम्य फेसवॉश आणि बिनवासाचं मॉइश्चरायझर एवढंच. ज्यांनी लिहून दिलं त्यांना फोन करून हे असंच सांगा, लाजू नका, त्यांना रोज असे चार जण भेटतात. पापण्या किंवा ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, तर मात्र ती ॲलर्जी. तेव्हा लगेच दवाखाना गाठायचा आणि ते जेल पुन्हा लावायचं नाही.

ॲडापालीन हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. आलेली पुटकुळी जाळणं हे त्याचं कामच नाही. छिद्रात मेलेली कातडी साचून बूच बसतं, ते बसू न देणं हे त्याचं काम. म्हणून आज दिसणाऱ्या पुटकुळीवर ठिपका देऊन फायदा नाही. जी अजून आतच आहे तिच्यासाठी सगळ्या भागावर पातळ थर लागतो. पेरॉक्साइड जंतू मारतं, आणि अँटिबायोटिकसारखी जंतूंना त्याची सवय होत नाही. त्यामुळेच नुसती क्लिंडामायसिनची (हे अँटिबायोटिकच) ट्यूब महिनोन्‌महिने लावणाऱ्यांना मी टोकत असतो.

माप सांगतो. मटाराच्या दाण्याएवढं, अख्ख्या तोंडाला मिळून. एका गालाला नव्हे, अख्ख्या तोंडाला. कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि पसरायचे. डोळ्यांभोवती, नाकपुडीच्या खाचेत, ओठांच्या कोपऱ्यात न्यायचंच नाही. सरकत जातं म्हणून तिथं आधी व्हॅसलीन लावा. तोंड धुतल्यावर वीस मिनिटं थांबा, ओल्या कातडीत जास्त झोंबतं. पुन्हा सुरू कराल तेव्हा दोन रात्री सोडून तिसऱ्या रात्री, मग एकाआड, मग डॉक्टर म्हणतील तसं. अशा मापानं ट्यूब महिनाभर सहज पुरते. तुम्ही नऊ दिवसांत संपवलीत, माझा धंदा चांगला झाला असता, पण तोंडाचं वाटोळं.

आणखी एक, तुमच्यासाठी नसलं तरी वाचणाऱ्या बायकांसाठी. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर ॲडापालीन लावू नका, डॉक्टर दुसरं काहीतरी देतात.

काकूंच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून इथं टाका. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही असलं तर ते स्टेरॉइड. २०१८ पासून ही क्रीम चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत असा नियम आहे. तरी देतात, हे मला सांगायची गरज नाही.

जुळे_सोलापूरकर | १३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

तसली क्रीम मी लावली होती, माझ्या लग्नाआधी. पहिल्या आठवड्यात खरंच गुळगुळीत आणि उजळ, सासरचे म्हणाले काय तेज आलंय! चार महिन्यांनी गालावर लाल शिरा दिसायला लागल्या, कानशिलाजवळ लव वाढली, उन्हात पाच मिनिटं उभं राहिलं तरी तोंड पेटायचं. बंद केली की दोन दिवसांत पुटकुळ्यांचं मोहोळ, लावली की शांत. दारूड्यासारखी गत. सोडवायला डॉक्टरांना वर्ष लागलं. काकूंना राग आला तर येऊ दे.

साखरपुड्याआधी पार्लरचं सांभाळ. मीही नंतर ॲडापालीनवर होते तेव्हा ओठावर व्हॅक्स केलं, केसांबरोबर कातडी आली. मिशीच्या जागी तांबडी पट्टी घेऊन बारशाला गेले होते. जेल चालू असताना तोंडाला व्हॅक्स, ब्लीच, स्क्रब काही नको. भुवया जपून.

हुरडा_पार्टी | १३ फेब्रुवारी, सकाळी ९.०२

एवढी उठाठेव कशाला? तुरटी फिरवायची, वर लिंबू. आमच्या आजीनं आयुष्यभर तेच केलं.

चिठ्ठी_दाखवा | १३ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

सोललेल्या कातडीवर लिंबू! शेंगाचटणीनं काय झालं ते वर वाचलं नाही वाटतं.

टॉवेलवाली | १३ फेब्रुवारी, रात्री ९.१५

काकूंची ट्यूब बघून आले. मोमेटासोन, आणि बरोबर रंग उजळवायचं हायड्रोक्विनोन, अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं ट्रेटिनॉइन. हळूच परत ठेवून दिली. डॉक्टरांच्या इथं फोन केला, त्यांनीही थांबायला सांगितलं. चिठ्ठी पुन्हा काढून बघितली तर त्यावर 'एकाआड रात्री' असं लिहिलेलं आहे! इतके दिवस मला ती ओळ डॉक्टरांची सही वाटत होती.

एक विचारते. मी स्कूटीवर जाते, तोंडाला स्कार्फ असतो. मग सनस्क्रीन लागेल का? आणि आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांनी येतो, सारखं तोंड धुणं परवडत नाही.

चिठ्ठी_दाखवा | १३ फेब्रुवारी, रात्री १०.००

स्कार्फ असला तरी सनस्क्रीन हवं. या औषधानं कातडी उन्हाला हळवी होते, आणि सोलापूरचं ऊन मार्चपासूनच भाजतं. एसपीएफ ३० किंवा वर, जेलसारखं हलकं घ्या, तेलकट नको. स्कार्फ मऊ सुती घ्या आणि रोज धुतलेला. घामट स्कार्फ दिवसभर गालावर घासला की त्यानंही पुटकुळ्या येतात. तोंड दिवसातून दोनदा धुतलं की पुरे, पाण्याची काळजी नको. जास्त धुतलं तर कोरडंच पडतं.

आणि धीर धरा. पहिले तीन-चार आठवडे वाढल्यासारखं वाटतं, तिथंच निम्मी माणसं ट्यूब फेकतात. खरा फरक ८ ते १२ आठवड्यांनी. साखरपुड्याचं वचन मी देत नाही.

टॉवेलवाली | २ मे, रात्री ९.५०

विचारणारे पुष्कळ निघाले म्हणून लिहिते. पाच दिवस थांबून पुन्हा सुरू केलं, आधी तिसऱ्या रात्री, मग एकाआड. मटाराचा दाणा बोटावर घेतला की एवढ्यानं काय होणार असं रोज वाटायचं, पण पुरतो. मार्चच्या सुरुवातीला हनुवटीवर एकदम सहा-सात आल्या, तेव्हा ट्यूब कचऱ्यात टाकली होती. आईनं काढून पुसून ठेवली. साखरपुड्याच्या फोटोत डाव्या गालावर दोन दिसतात, फोटोवाल्यानं घालवून देतो म्हटलं, मीच नको म्हटलं.

आता कपाळ साफ आहे. गालावर नवीन क्वचितच येते. जुन्या जागी तपकिरी डाग उरलेत, त्यांना अजून काही महिने लागतील असं डॉक्टर म्हणाले. केसांना रात्री चप्प तेल लावायची तेही सोडलं, कपाळ त्यामुळेच लवकर निवळलं असं मला वाटतं. आमच्या वरच्या खोलीला पत्रा आहे, दुपारी भट्टी. ट्यूबवर २५ अंशांच्या आत ठेवा असं छापलंय, म्हणून ती खाली माठाशेजारच्या फळीवर असते. भाऊ परवा टूथपेस्ट समजून उघडायला निघाला होता.

मास्तरांकडे जाऊन चुकले म्हटलं. ते काही बोलले नाहीत. मरून टॉवेल मागून घेतला, उजेडाला धरून बघितला आणि डाईंगच्या दारामागं खिळ्याला अडकवला. नवीन पोरगं रंगाची तक्रार घेऊन आलं की आता आधी त्याला विचारतात, तोंडाला काय लावतोस?