विषय: शनिवारच्या फायनलला अंपायर कोण?

मंडळी,
शनिवारी अण्णा नाहीत, हायस्कूलच्या मुलींच्या सॉफ्टबॉलच्या राज्य फायनलला अंपायर म्हणून पिओरियाला जाणार आहेत. टीम साडेनऊला येतील, मैदान दोनपर्यंतच आपलं. पांढरी टोपी माझ्याकडे आहे, डोकं हवंय. आज रात्रीपर्यंत कळवा. मागच्या वर्षीच्या रनआउटचा विषय कृपया काढू नये.
– सचिव, क्रीडा

––––
रनआउट नव्हताच तो. असो.
ही तारीख फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये अण्णांच्या देखत ठरली होती. मुलींच्या सॉफ्टबॉलसाठी मंडळाची फायनल सोडायची? आणि राज्याच्या फायनलला नेमतात तरी कसं? वशिल्याशिवाय होत नसणार. सांगलीत जिल्हा पातळीवर बघितलंय मी.
– भाऊ

––––
भाऊ, या वशिल्याला तेरा वर्षं लागली.
नेमणूक ब्लूमिंग्टनहून होते, इलिनॉयच्या हायस्कूल असोसिएशनकडून. आधी नुसती नोंदणी, मग वरच्या दोन पायऱ्या चढायच्या. नियमांची परीक्षा, क्लिनिकची, म्हणजे अंपायरांच्या प्रशिक्षण वर्गाची, हजेरी. कोच मार्क देतात, वर पसंतीच्या पंधरा जणांची यादीही पाठवतात. या सगळ्यातून पॉवर रेटिंग, म्हणजे अंपायरचे एकूण गुण, निघतं. पहिली सहा वर्षं मला रीजनलच्या, म्हणजे राज्य स्पर्धेच्या पहिल्या टप्प्याच्या, वर कुणी विचारलं नाही. मग त्यापुढचा टप्पा सेक्शनल, आणि आता कुठे हे. बोलावणं आलं त्याच दिवशी सचिवांना फोन केला होता.
– अण्णा

––––
म्हणजे ज्याच्या पोरीला आउट दिलं तोच मार्क देणार? मग कोचला दुखवेल कोण?
पोहे ६० प्लेट की ८०? उद्या सामान आणायचंय.
– माई

––––
माई, नेमकं दुखतं तिथेच बोट ठेवलंत. हरलेला कोच हात आखडतोच. पण हंगामभरात कोच बरेच असतात, एकाच्या रागाने फार बिघडत नाही. खरी मेख त्या पंधराच्या यादीत आहे. ज्याला कोचने पाहिलंच नाही त्याचं नाव तो लिहिणार कसा? म्हणून घराजवळच्या शाळा सोडून मी लांबच्या मॅच घेतो. साडेचारची मॅच असली की ऑफिसातून तीनलाच निसटायचं. घरी काय ऐकून घेतो ते इथे लिहीत नाही. आमची लेक शिकली त्या शाळेची मॅच मात्र घेत नाही, तसं आधीच कळवून ठेवलंय.
– अण्णा

––––
मी उभा राहतो शनिवारी. पुण्यात क्लब क्रिकेटला केलंय.
– बापू

––––
बापू, तुमचा मेहुणा ऑरोराकडून खेळतो. अण्णांचा वरचा मेल वाचलात ना?
– भाऊ

––––
मेहुणा बारावा आहे हो, पाणी नेतो नुसतं.
– बापू

––––
मागच्या वर्षी पाणी नेता नेताच तो ‘आउट’ म्हणून ओरडला होता.
– भाऊ

––––
विषय काढू नका म्हटलं होतं.
बापू बोलरच्या टोकाला. माई, पोहे ७०. स्क्वेअर लेगला कोण?
– सचिव, क्रीडा