चांदोलीला एक-दोन दिवसांत जाऊन यायचंय? तुमचे अनुभव लिहा

दिवाळी झाली की ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, शनिवार-रविवारात चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान बघून होतं का, पोरांना न्यावं का, आत काय दिसतं. म्हणून हा धागा काढतेय, जे जाऊन आलेत त्यांनी हात आखडता न घेता लिहा.

माझं मत आधीच सांगते. छोट्या ट्रिपमध्ये जंगलाची एकच बाजू धरा. २०१० मध्ये कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळं लोकांना वाटतं सकाळी कोयनानगर आणि दुपारी चांदोली करू. तसं होत नाही, जंगलाच्या गाभ्यातनं (कोअर भागातनं) आरपार गाडी जात नाही, पाटण-कराडकडनं वळसा घालून यावं लागतं आणि अख्खा दिवस गाडीतच जातो.

वाळव्याचा गडी
बरोबर बोललात ताई. आमच्याकडनं रस्ता म्हणजे पेठ नाका, शिराळा, कोकरूड, चरण, आरळा आणि मग मणदूर-वारणावती. कराडवाले शेडगेवाडीवरनं कोकरूडला येऊन मिळतात. पेट्रोल, रोख पैसे, चहा-नाष्टा जे काय असंल ते शिराळ्यात नायतर कोकरूडमध्येच उरकून घ्या, पुढं रेंज पण धड मिळत नाही आणि ऐनवेळी ऑनलाइन पेमेंट अडकून बसतं. आम्ही पहाटे अंधारात निघतो, कारण जनावर बघायचं तर सकाळचीच वेळ, ऊन तापलं की सगळं सावलीला जातंय. जायच्या आधी वनखात्याकडं फोन करून गेट चालू आहे का, गाडी कुठली चालते हे विचारून घ्या. पावसाळ्यात जंगल बंदच असतंय.

सांगलीची आई
आम्ही दोन्ही मुलांना घेऊन गेलो होतो, धाकटा पहिलीत. वाघ दिसेल असं घरातनं निघताना अजिबात सांगितलं नव्हतं आणि तेच फार बरं झालं. गाइडदादांनी एका झाडापाशी थांबवून खोडावर अस्वलाच्या नखांचे ओरखडे दाखवले, मुलाने त्यात स्वतःची बोटं ठेवून बघितली, चारही बोटं एकेका खाचेत मावली! मग वर फांद्यांच्या बेचक्यात शेकरूचं घरटं, काटक्या-पानांचा मोठा गोळा, आणि थोड्या वेळानं शेकरूच आलं, तांबूस शेपूट खाली सोडून काहीतरी कुरतडत बसलं. आम्ही सगळे माना वर करून उभे, कुणी हलेना. गवे लांबून दिसले. डबा घरचाच नेला होता, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही-कांदा, आणि कचरा सगळा पिशवीत भरून परत आणला. लहान मुलं असतील तर गाइड चांगला मिळणं सगळ्यात महत्त्वाचं, त्यांना भरपूर प्रश्न विचारा.

मिरज, पक्षीवेडा
फेब्रुवारी-मार्च चुकवू नका. अंजनीच्या झाडाला फुलोरा येतो तेव्हा फांदीच्या अंगावरच निळे-जांभळे झुबके लगडलेले असतात, पानं कमी नि फुलंच जास्त असं वाटतं. झोळंबीचा सडा (कातळाचं पठार) मात्र पाऊस संपता संपताच बघण्यासारखा, कातळावरची बारकी फुलं नंतर सुकून जातात. पक्ष्यांत शीळकरी कस्तूर ओढ्याकाठी ऐकू येतो, धनेश नशिबात असला तर. कपडे मातकट रंगाचे घाला, अत्तर-परफ्यूम नको.

धरणग्रस्ताची नात
माझी आजी आतल्या गावातली. आधी वारणेचं धरण आणि नंतर अभयारण्य (१९८५), यात गावं उठली आणि आम्ही खाली पुनर्वसनात आलो. तुम्हाला आत जे मोकळं गवत दिसतं, जिथं गवे चरतात, ती कित्येक ठिकाणी आमच्या लोकांची भातखाचरं होती. घरांची जोती दिसतील, फणस-आंब्याची झाडं दिसतील, ती कुणीतरी परसात लावलेली आहेत. आजी एकदा गेली तेव्हा तिनं झाडावरनं घर ओळखलं, दगडावरनं नाही. एवढीच विनंती आहे, देवळापाशी चपला काढा, दगड-मूर्तीला हात लावू नका, आणि गाइड स्थानिक असेल तर त्याला जुन्या गावांची नावं विचारा, तो आनंदानं सांगेल.

धागाकर्ती
हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. यापुढे मी कुणालाही चांदोली सुचवताना हे आधी सांगणार.

साताऱ्याहून
ज्यांना चालायचंय त्यांनी आमच्या बाजूनं वासोटा किल्ला करा, तेही कोयना अभयारण्यातच येतं. कासवरून बामणोलीला उतरायचं, तिथं ओळखपत्र दाखवून वनखात्याची परवानगी काढायची आणि कोयनेच्या शिवसागर जलाशयातनं बोटीनं साधारण दीड तास. बोट अख्खी ठरवावी लागते, त्यामुळं ग्रुप मोठा असला तर परवडतं, दोघांतिघांना महाग पडतं. वर मुक्कामाला परवानगी नाही आणि संध्याकाळच्या आत परतायचं असतं, म्हणून सकाळी सातच्या आसपास बामणोलीत पोचलात तरच वर किल्ल्यावरच्या बाबू कड्यापाशी निवांत बसता येईल. चढ पूर्ण गर्द झाडीतनं आहे, पाणी मात्र खालनंच भरपूर घेऊन चढा.

कॉलेजवाला, कराड
पण ताडोबातनं वाघीण आणून सोडलीय ना, मग वाघ दिसायचे चान्सेस वाढले असतील की?

धागाकर्ती
ती वाघीण जंगल पुन्हा नांदतं व्हावं म्हणून आणलीय. ताडोबाचं जंगल बऱ्यापैकी उघडं आणि तिथं वाघही भरपूर, इथं दाट सदाहरित झाडी, कडे-दऱ्या, आणि वाघ मोजकेच. दोन दिवसांच्या ट्रिपमध्ये वाघाची आस धरलीत तर शेकरू, गवा, भेकर समोर असूनही मन भरणार नाही. गाडी थांबवून पाच मिनिटं इंजिन बंद ठेवायला सांगा, निम्मं जंगल तेव्हाच कळतं.

शिराळा
आईवडील वयस्कर असतील तर आतल्या खडबडीत रस्त्याचा आग्रह धरू नका. आम्ही वारणावतीला मुक्काम केला, आई-दादा धरणाच्या बाजूला निवांत फिरले, आम्ही दोघं सकाळी आत जाऊन दुपारी जेवायला परत. खोलीचं बुकिंग आधीच करा, सुट्टीच्या दिवशी गेल्यावर मिळत नाही. आणि थंडीत स्वेटर न्याच, पहाटे उघड्या गाडीत पार गारठून जायला होतं.