दुपट्ट्याआडचं सगळंच सुरक्षित नसतं
एका ताईंनी लिहिलंय, नागपूरच्या उन्हात दुपट्टा बांधून, पूर्ण बाह्या घालून फिरलं की कातडीच्या कॅन्सरची काळजी नाही. उन्हापुरतं ठीक आहे हो, पण सावळ्या लोकांत मेलानोमा (कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर) बरेचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली निघतो. गायक बॉब मार्लीला तो पायाच्या अंगठ्याला झाला होता. १९८१ मध्ये, अवघ्या ३६ व्या वर्षी गेला. काश्मिरात कांगडीच्या (थंडीत अंगाशी धरायच्या निखाऱ्यांच्या शेगडीच्या) धगीनं पोटामांड्यांवर कातडीचा दुसऱ्या प्रकारचा कॅन्सर होतो.

आणि आपल्याकडे परकराची नाडी! माझ्या आईच्या कमरेला बोटभर रुंद काळी खाच पडलीय. मे महिन्यात घामानं तिथली सालपटं निघतात, आई त्यावर खोबरेल चोपडते आणि पुन्हा तिथेच करकचून गाठ मारते. वर्षानुवर्षं अशी घासून जखम भरेनाशी झाली, तर क्वचित तिचा स्क्वेमस सेल कॅन्सर (कातडीच्या वरच्या थरातला कॅन्सर) होतो. डॉक्टर त्याला चक्क ‘साडी कॅन्सर’ म्हणतात. धोतराच्या गाठीनंही होतो, तेव्हा पुरुषांनी हसू नये. न भरणारी जखम दिसली की स्किनच्या डॉक्टरला दाखवा, मलमं बदलत बसू नका.

आईला आता नाडीऐवजी रुंद पट्ट्याचा परकर शिवून दिलाय. दोन दिवस ‘साडी सुटते नं बाप्पा’ चालू होतं.