'बालिकबायान'ला मराठीत काय म्हणाल? 'चाकरमानी' चालेल का?

करामाकरीण
दिवाळी अंकाच्या लेखात एका शब्दावर गाडी अडली आहे. दुबईतली माझी पहिली तीन वर्षं बेडस्पेसवर गेली, म्हणजे एका खोलीत सहाजणी. माझ्या वरच्या पलंगावर बातांगासची एक फिलिपिनो बाई होती. सगळ्या तिला 'आते' म्हणायच्या. त्यांच्यात आते म्हणजे ताई. मी पहिला आठवडाभर ती कुणाचीतरी आत्या असेल असंच समजत होते.

तर या आतेच्या पलंगाशी एक भलामोठा पुठ्ठ्याचा खोका कायम उघडा असायचा. पगार झाला की त्यात काहीतरी पडायचं. साबणाच्या वड्या, टूथपेस्ट, डब्यातलं मांस, चॉकलेटं, टॉवेल, मापाला पायाचा कागद कापून आणलेले बूट. प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने नाव. मोकळ्या जागेत मोजे कोंबायचे. नाताळच्या आत बोटीने पोचायला हवा म्हणून खोका सप्टेंबर-ऑक्टोबरात निघायचा, तेव्हा दोघीजणी त्यावर बसायच्या आणि तिसरी टेप मारायची. याला 'बालिकबायान बॉक्स' म्हणतात.

लेखात मी 'बालिकबायान'साठी, म्हणजे परदेशातून मायदेशी परतणाऱ्या फिलिपिनो माणसासाठी, आधी 'अनिवासी फिलिपिनो' लिहिलं. वाचताना बँकेचा फॉर्म भरतेय असं वाटलं. 'चाकरमानी' कसा वाटतो?

शब्दकिडा
फोड सोपी आहे. 'बालिक' म्हणजे परतणं, 'बायान' म्हणजे गाव. पण 'बायान'चा आवाका मोठा आहे. तालुक्याचं गाव, तिथली माणसं आणि अख्खा देश, सगळ्याला बायानच. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द 'मुलूख'. गिरणगावातली जुनी माणसं 'मुलखाला जातो' म्हणायची तेव्हा त्यात गाव, घर, भावकी, सगळं यायचं. शब्दशः हवं असेल तर 'मुलखाला परतलेला'.

राजापूरची गंगा
चाकरमानीच! दुसरा शब्द शोधूच नका. गणपतीच्या आदल्या रात्री एसटीतून उतरणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. दोन्ही हातांत पिशव्या, वहिनीला साडी, पोरांना कपडे, म्हाताऱ्याला मलम, कुणाला काय द्यायचं ते पिशवीनिशी ठरलेलं. वर्षभर मनिऑर्डर आणि वर्षातून एकदा स्वतः. तुमच्या आतेचा खोका म्हणजे आमच्या बाबांची लाल बॅग. फरक एवढाच की बाबा बॅगेबरोबर यायचे.

करामाकरीण
तो फरक एवढासा नाही हो. आते चार वर्षांत एकदा गेली. खोका मात्र दर वर्षी गेला. परत जाणाऱ्याचं नाव त्या खोक्याला दिलंय, आणि जातो तो खोकाच.

मुद्रितशोधक
थोडा इतिहास सांगतो, कारण 'चाकरमानी' म्हणताना एक खाच राहते. 'बालिकबायान' हा शब्द चलनात आणला सरकारने. सप्टेंबर १९७२ मध्ये फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि १९७३ मध्ये 'बालिकबायान' योजना काढली. रोख होता अमेरिकेत स्थायिक झालेल्या फिलिपिनो लोकांवर: स्वस्त तिकिटात या, देश कसा शांत आहे ते बघा, डॉलर खर्च करा. ते डॉक्टर, नर्स, नागरिकत्व घेतलेले लोक. आपल्याकडच्या भाषेत 'अमेरिकेहून आलेत' वर्गातले.

आखातात कंत्राटावर मजूर पाठवायची सरकारी यंत्रणा उभी राहिली ती १९७४ च्या कामगार कायद्याने. म्हणजे मूळ बालिकबायान हा पाहुणा आणि तुमची आते ही चाकरमानी. पुढे १९८९ च्या कायद्याने दोघांना एका व्याख्येत बसवलं: वर्षभर सलग बाहेर राहिलेला नागरिक, परदेशी काम करणारा कामगार आणि नागरिकत्व सोडलेला माजी फिलिपिनो, तिघेही बालिकबायान. तरी बोलताना भेद राहतोच. कामगार स्वतःला 'ओएफडब्ल्यू' (ओव्हरसीज फिलिपिनो वर्कर) म्हणवतो. त्याआधी 'ओसीडब्ल्यू' होतं, त्यातल्या 'सी'चा अर्थ कंत्राटी. नव्वदीत तो 'सी' गळला आणि तिथे 'फिलिपिनो' आला. कागदावर का होईना, कंत्राटाची जागा देशाने घेतली.

खलाशीबुवा
बावीस वर्षं जहाजावर काढली, निम्मी खलाशी मंडळी फिलिपिनोच असायची. एकानेही स्वतःला बालिकबायान म्हटलेलं ऐकलं नाही. ऐकला तो 'कबायान'. शब्दकिड्यांनी सांगितलेलाच 'बायान', पुढे 'क' लावला की एकाच बायानातला. म्हणजे आमचा 'गाववाले'! बंदरात उतरलो की दुकानदार केरळचा असो की पेशावरचा, यांना बघून 'कबायान, कबायान' करून बोलावणार. माल खपवायला गाववाले व्हायला कुणाचं काय जातं.

शब्दकिडा
'कबायान = गाववाले' लाख वेळा मान्य.

'चाकरमानी'बद्दल मात्र एक शंका. यात 'चाकर' आहे. २०२५ च्या गणपतीआधी हा शब्द कमीपणाचा आहे, त्याऐवजी 'कोकणवासीय' म्हणा, अशी मागणी झाली होती. आपल्याच माणसांना खटकणारा शब्द दुसऱ्यांच्या गळ्यात का घालायचा?

राजापूरची गंगा
ज्यांना खटकतो त्यांना खटकू दे. माझ्या आजीने 'चाकरमानी इले' म्हटलं की घरात दिवा लागल्यासारखं व्हायचं. शिवाय 'कोकणवासीय' तर उलटा अर्थ झाला, वास मुंबईत आणि वासीय कोकणचा! चाकरी करतो म्हणूनच तर तो तिकडे आहे.

मुद्रितशोधक
गंगाबाई, रागावू नका, पण नेमका हाच वाद फिलिपिनो लोकांतही चालतो, फक्त उलट्या दिशेने. तिकडे सरकारने कामगारांना फार मोठा शब्द दिला आणि तो कामगारांना खुपतो.

१९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन आक्विनो हाँगकाँगला गेल्या आणि तिथल्या घरकामगार बायकांना 'बागोंग बायानी' म्हणाल्या. 'बागो' नवा, 'बायानी' वीर. (बायान आणि बायानी कानाला सारखे लागतात, तेवढ्यावरून व्युत्पत्ती जुळवू नये.) तेव्हापासून भाषणात, विमानतळावर, पुरस्कारांच्या नावात सगळीकडे हा शब्द. १९९५ च्या मार्चमध्ये सिंगापूरला फ्लोर कोंतेम्प्लासियोन या घरकामगार बाईला फाशी झाली, देश हादरला, आणि लोक विचारू लागले की वीर म्हणता तर वाचवलं का नाही. त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांसाठी कायदा करावा लागला.

ऑगस्ट २०१५ मध्ये कस्टमने हे खोके उघडून तपासायचं ठरवलं, तेव्हा परदेशातल्या फिलिपिनोंनी इंटरनेटवर असा काही गदारोळ केला की राष्ट्राध्यक्षांना आदेश काढावा लागला: एक्स-रे करा, कुत्रे फिरवा, संशय असल्याशिवाय खोका फोडू नका. पुढच्या वर्षी कायदाच बदलला आणि दीड लाख पेसोपर्यंतचं घरगुती सामान करमुक्त झालं. २०२० मध्ये आरोग्य विम्याचा हप्ता वाढवायचा घाट घातला तेव्हाही तेच. भर टाळेबंदीत, नोकऱ्या जात असताना. महिन्याभरातच हप्ता ऐच्छिक करावा लागला. अशा प्रत्येक भांडणात 'बायानी'च्या समोर एकच शब्द येतो: 'गतासान'. 'गतास' म्हणजे दूध.

खलाशीबुवा
दुभती गाय!

मुद्रितशोधक
तीच. २०२३ साली बँकांमार्फत घरी आलेला पैसा ३३ अब्ज डॉलरच्या वर होता. एवढं दूध देणाऱ्या गाईला वीर म्हणायला काय हरकत?

जुनी पाटी
विषयाला फाटा फोडतोय, पण शब्दांचीच गोष्ट आहे. १९९८ मध्ये एका ग्रीक शब्दकोशावरून मोठं रण माजलं होतं. 'फिलिपिनेझा' या नोंदीत 'फिलिपिन्सची बाई' याबरोबर 'घरकाम करणारी बाई' असाही अर्थ दिला होता. फिलिपिन्सने निषेध नोंदवला. कोशकारांची बाजू अशी असते की लोक बोलतात ते आम्ही छापतो. अथेन्समध्ये लोक खरंच तसं बोलत.

राजापूरची गंगा
शी! कसली माणसं.

जुनी पाटी
आपणही तशीच. 'आमच्या सोसायटीचा गुरखा' म्हणताना तो नेपाळचा आहे की बिहारचा, विचारतो का? गुरखा म्हणजे वॉचमन, संपलं. आणि मुंबईच्या शेटजींच्या घरात 'घाटी' म्हणजे काय होतं? घाटावरून आलेला माणूस, म्हणून गडी, म्हणून शिवी. 'रामा' हे तर देवाचं नाव, तेही भांडी घासायला लावलं. माझे आजोबा फोर्टातल्या एका बंगल्यावर 'रामा' होते. नाव त्यांचं विठोबा.

शब्दकिडा
…यावर काय लिहावं कळेना. पण नोंद महत्त्वाची आहे. गावाचं नाव कामाला चिकटतं तेव्हा मराठीतही शब्द असाच घसरतो.

करामाकरीण
जुनी पाटी, आभार. हा परिच्छेद लेखात घेऊ का? आजोबांचा उल्लेख न करता.

जुनी पाटी
घ्या. उल्लेखासकट घ्या.

करामाकरीण
आणखी दोन शब्दांना मदत करा, मग थांबते. पहिला 'पासालुबोंग'. प्रवासाहून येताना घरच्यांसाठी आणलेली वस्तू. दुसरा 'कातास'. मनिलाच्या जीपनीवर, म्हणजे त्यांच्या रंगीबेरंगी वडाप गाड्यांवर, 'कातास नांग सौदी' असं रंगवलेलं असतं. सौदीत कमावलेल्या पैशातून गाडी घेतली असा अर्थ. शब्दकोशात 'कातास' म्हणजे रस, अर्क.

शब्दकिडा
'पासालुबोंग'मधलं 'सालुबोंग' म्हणजे येणाऱ्याला सामोरं जाणं. म्हणजे सामोरं येणाऱ्यांच्या हातात ठेवायची वस्तू. 'भेट' कोरडा वाटतो. मी 'खाऊ' घेईन.

राजापूरची गंगा
बूट कसे खाणार? तरी खाऊच ठेवा. आमच्याकडे पेन्सिलीलाही खाऊ म्हणत.

खलाशीबुवा
'वानवळा'?

शब्दकिडा
वानवळा गावाकडून शहराकडे जातो. इथे प्रवाह उलटा आहे.

मुद्रितशोधक
'कातास'ला 'सौदीची कृपा' लिहा. आपल्या ट्रकवर 'आईची कृपा' असतं, वाचकाला लगेच चित्र दिसेल.

जुनी पाटी
कृपा कुणाची? सौदीने दिलं नाही, याने कमावलं. 'सौदीचा घाम' लिहा.

मुद्रितशोधक
घाम अनुवादकाचा झाला. मूळ शब्दात तो नाही.

करामाकरीण
आत्ताच आतेला विचारून आले. ती आता आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते, खोका अजून पलंगाशीच. जेवत होती. 'कातास म्हणजे नक्की काय?' विचारलं तर काही बोलली नाही. ताटलीतल्या शेवयांवर लिंबाची फोड धरली, शेवटचा थेंब येईपर्यंत पिळली आणि उरलेली साल मला दाखवली. 'हे नाही,' म्हणाली आणि ताटलीकडे बोट केलं, 'हे कातास.'

'सौदीचा रस' लिहितेय. आणि आते चाकरमानी.